दोन विमानतळांमधलं अंतर, दोन दारांमधला वेळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला भूगोलावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं आहे. वीस मिनिटांनी जेवण आहे, हेही त्यांनी दोनदा सांगितलं आहे. त्यामुळं अक्षांश-रेखांशांचं फार लांबवत नाही. पण आज या सभागृहात बसलेल्या प्रत्येकानं आयुष्यात शंभरदा विचारलेला किंवा शंभरदा ऐकलेला एक प्रश्न मी निवडला आहे. तो म्हणजे, ‘‘किती वेळ लागतो रे तिथून यायला?’’

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण लहानपणापासून म्हणत आलो. पण ही जर्मनी आपल्या परभणीपासून नेमकी किती लांब, हे कुणी मोजलं होतं का? आता मोजायची वेळ आली आहे, कारण आपल्यातल्या काहींची मुलं खरोखरच तिथं आहेत. कुणी अमेरिकेत आहे, कुणी दुबईत, कुणी पुण्या-बंगळुरूत. गुगलला विचारलं तर तो क्षणात सांगतो: मुंबई ते फ्रँकफर्ट सुमारे ६,५७० किलोमीटर, साधारण साडेआठ तास. हा आकडा बरोबर आहे. पण तो आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही. कसं, ते आता बघू.

आधी अंतर कसं काढतात ते पाहू. सरांनी फळ्यावर शिकवलेलंच गणित आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, मग तुम्ही पृथ्वीवर कुठंही असा. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जाल तसा आखडत जातो. आपल्या १९ अंशांच्या पट्ट्यात तो सुमारे १०५ किलोमीटरचा आहे. आता नांदेडचा विमानतळ घ्या. तो ७७ अंश १९ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे आणि मुंबईचा ७२ अंश ५२ मिनिटांवर. अक्षांश दोघांचे जवळजवळ सारखे, १९ अंशांच्या किंचित वर. म्हणजे मुंबई नांदेडच्या थेट पश्चिमेला आहे. रेखांशांत फरक साडेचार अंशांना थोडा कमी. त्याला १०५ नं गुणा, सुमारे ४६८ किलोमीटर येतात. कॅल्क्युलेटरही लागत नाही.

दिल्लीकडं बघा. नांदेडहून ज्या हिंडनला विमान जातं, तो गाझियाबादजवळचा विमानतळ जवळपास नांदेडच्याच रेखांशावर आहे, म्हणजे थेट उत्तरेला. अक्षांशांतला फरक साडेनऊ अंश. गुणिले १११, म्हणजे १,०५५ किलोमीटरच्या आसपास. शाळेचा नकाशा आणि एक पट्टी एवढ्यावर हे जमतं. फार लांबच्या अंतराला मात्र सपाट नकाशा फसवतो. तिथं पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरी ताणून धरायची. ती दोरी जिथून जाते तो सगळ्यात जवळचा रस्ता. आपल्या वर्गातल्या त्या डगमगत्या पृथ्वीगोलाचा खरा उपयोग हा होता. आपण तो नुसता गरागरा फिरवला.

आता गंमत बघा. नांदेड ते मुंबई ही सरळ रेषा परभणी शहराच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवरून जाते. म्हणजे परभणीचा माणूस विमानानं मुंबईला जायचं म्हटलं तर आधी साठेक किलोमीटर उलटा, पूर्वेला नांदेडला जाणार, आणि मग विमानात बसून जवळजवळ आपल्याच घरावरून पश्चिमेला येणार. परभणी ते मुंबई सरळ रेषेत ४१० किलोमीटर. विमानानं जाणारा प्रवासी मात्र ४६८ उडणार आणि त्याआधी ६० जमिनीवर घासणार. इथून पुढं मला जे सांगायचं आहे, त्याची सुरुवात या साठ किलोमीटरमध्ये आहे.

अंतर झालं, आता वेळ. जेट विमान वर गेल्यावर तासाला आठशे-साडेआठशे किलोमीटर जातं. त्या हिशेबानं नांदेड–मुंबई पस्तीस मिनिटांत व्हायला हवी. होत नाही. कारण तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती उड्डाणाची नसते. विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडं जागेवर थांबलं तिथपर्यंतची ती वेळ असते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, चढणं आलं, उतरणं आलं. चढता-उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरात असते. मग आभाळात रांग लागते आणि घिरट्या घालाव्या लागतात.

म्हणून एक सोपा आडाखा लक्षात ठेवा. किलोमीटरला आठशेनं भागा आणि वर अर्धा तास टाका. छत्रपती संभाजीनगर ते मुंबई हवेतून २८० किलोमीटर. भागल्यावर एकवीस मिनिटं, अधिक तीस, म्हणजे एक्कावन्न. नांदेड–मुंबई पस्तीस अधिक तीस, म्हणजे एक तास पाच मिनिटं. नांदेड–हिंडन पावणेदोन तासांच्या वर. मुंबई–फ्रँकफर्ट पावणेनऊ तासांच्या आत-बाहेर. वेळापत्रक काढून पडताळून बघा, फारसं चुकणार नाही. मोठ्या विमानतळांना आणखी दहा-पंधरा मिनिटं जोडा.

यातून एक गोष्ट कळते. तो अर्धा तास प्रवास छोटा असो की मोठा, भरावाच लागतो. त्यामुळं जवळच्या विमानप्रवासात खरं उडणं कमी आणि सोपस्कार जास्त. लांबच्या प्रवासात मात्र वरचे दोनशे किलोमीटर फक्त पंधरा मिनिटांचे. हवेतले किलोमीटर स्वस्त असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागेल.

सरकारनंही अंतर आणि वेळेची ही सांगड एका योजनेत घातली होती. ‘उडान’ योजनेत साधारण पाचशे किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या विमानप्रवासाला अडीच हजार रुपयांच्या आसपासची मर्यादा ठेवली. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतली पहिली विमानं सुटली. शिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबादबरोबर त्या दिवशी तिसरा मार्ग होता नांदेड–हैदराबाद. हवेतलं अंतर २४५ किलोमीटर. देशाच्या त्या यादीत आपल्या शेजारच्या गावाचं नाव पहिल्याच दिवशी होतं. त्याआधी २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं तिथला विमानतळ नव्यानं उभा राहिला होता. पुढं काही सेवा थांबल्या, काही नव्या आल्या. म्हणून तिकडून जायचं ठरवताना मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका, त्या आठवड्याचं वेळापत्रक बघा.

आता वर्गात नेहमी विचारला जाणारा प्रश्न. एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो, ‘‘सर, पृथ्वी फिरते, तर विमान वर जाऊन नुसतं थांबलं की खाली अमेरिका येईल ना?’’ नाही येणार. कारण पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. पण हवेत वारा असतो, आणि उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारे फार वेगवान पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. म्हणून युरोपातून आपल्याकडं येणारं विमान सहसा लवकर पोचतं आणि इकडून तिकडं जाणाऱ्याला जास्त वेळ लागतो. अंतर तेच, वेळ वेगळा.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ऑक्टोबर २०१६ चं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून, पश्चिमेकडून जात होतं. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. मग त्यांनी उलट्या दिशेनं, पूर्वेला पॅसिफिकवरून न्यायचं ठरवलं. मार्ग झाला सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी! वारा पाठीशी होता. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे आपल्या आजीबाईंनाही पटलं नसतं.

याच्या उलटही होतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमान कंपन्यांसाठी आकाश बंद केलं. दिल्ली जागची हलली नाही, लंडनही हललं नाही, पण दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी आपली विमानं वळसा घालू लागली आणि प्रवास लांबला. नकाशावरच्या दोरीला सरहद्द दिसत नाही, विमानाला पाळावी लागते.

तिसरी गडबड घड्याळाची. तिकिटावर सुटायची वेळ तिथली आणि पोचायची वेळ इथली छापलेली असते. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागं. तिथून येणाऱ्यानं नुसती वजाबाकी केली की साडेआठ तासांचा प्रवास तेरा तासांचा दिसतो. जाताना तोच चार तासांचा दिसतो. घरी कळवताना मुलांनी एकच करावं, ‘‘आपल्या घड्याळात अमुक वाजता मुंबईत उतरतो’’ एवढंच सांगावं.

इथवर दोन विमानतळांमधली गोष्ट झाली. पण मित्रहो, विमानतळावर कुणी राहत नाही. आपण घरात राहतो. म्हणून खरा हिशेब या दारापासून त्या दारापर्यंतचा. तो मांडून बघू. फ्रँकफर्टजवळच्या एखाद्या गावातून मुलगा निघाला. घरापासून विमानतळ तास-दीड तास. तिथं तीन तास आधी हजर. विमान साडेआठ तास. मुंबईत पासपोर्टची रांग, सामान, दीड तास. झाले साडेचौदा तास, आणि तो अजून मुंबईतच आहे. पुढं रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटर. रात्रीची देवगिरी मिळाली तर सकाळी परभणी. पण विमान सकाळी उतरलं असेल तर? ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत नांदेडपर्यंत आली. ती नांदेड–मुंबई साडेनऊ तासांच्या आसपास घेते, पण तिची वेळ विमानाच्या वेळेला जुळायला हवी. गाडी करून निघालं तरी आठ-नऊ तास मोजा. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर चोवीस तास, आणि एखादी कडी निसटली तर दीड दिवस. साडेआठ तासांचं विमान या सगळ्यातला जेमतेम तिसरा हिस्सा.

साडेसहा हजार किलोमीटरला साडेआठ तास, आणि शेवटच्या साडेपाचशेलाही तेवढेच किंवा जास्त. आपल्या पिढीला हे नवं नाही. मीटरगेजच्या दिवसांत मनमाडला उतरून गाडी बदलायची, सामान डोक्यावर घेऊन फलाट ओलांडायचा आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसायचं. वेळ गाडीत कमी, मनमाडात जास्त जायचा. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं आणि ते मनमाड गेलं. आता मुलांचं मनमाड मुंबईत असतं.

इथं ते मघाचं वाक्य आठवा. हवेतले किलोमीटर स्वस्त, जमिनीवरचे महाग. फ्रँकफर्टहून हैदराबाद सुमारे ७,११५ किलोमीटर, मुंबईपेक्षा साडेपाचशेनं जास्त. आडाख्यानं चाळीस मिनिटं. पण परभणीपासून हैदराबादचा विमानतळ सरळ रेषेत २८५ किलोमीटर आणि मुंबई ४१०. जमिनीवरचे सव्वाशे किलोमीटर वाचले तर दोन तास वाचतात. शिवाय तिथं परदेशी आणि देशी विमानं एकाच इमारतीतून सुटतात. प्रत्येकाला हैदराबादच सोयीचं असं मी म्हणत नाही. तिकिटाचे दर, सुटण्याची वेळ, पुढची गाडी हे सगळं बघावं लागेल. पण तिकीट काढताना ‘कोणतं विमान लवकर पोचतं’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘कोणत्या विमानतळावरून घर लवकर येतं’ हे विचारा. मुंबई, हैदराबाद, संभाजीनगर, नांदेड अशी चारही नावं टाकून एकदा हिशेब करा.

हे सगळं मी हौसेनं सांगत नाही. आपल्या बॅचमधल्या बहुतेकांचे आई-वडील आता ऐंशीच्या घरात आहेत. आणि आपण स्वतः साठीला आलो, आपलीही मुलं बाहेर आहेत. आपण दोन्ही बाजूंनी या प्रश्नात अडकलो आहोत. कुणाच्या तरी घरी रात्री फोन वाजतो. पलीकडून मुलगा म्हणतो, ‘‘साडेआठ तासांचं विमान आहे, निघालोच.’’ घरातले लोक घड्याळाकडं बघतात आणि हिशेब करतात की सकाळी दहाला येईल. नातेवाइकांना कळवलं जातं. सकाळी माणसं अंगणात जमतात. दहा वाजतात, बारा वाजतात. कुणी शीतपेटीची चौकशी करतं. कुणी म्हणतं थांबू, कुणी म्हणतं आता नको. ज्या घरावर आधीच आभाळ कोसळलंय तिथं भावकीत बोलाचाली होते. आणि तिकडं तो मुलगा मुंबईच्या रांगेत उभा असतो. कुणीच खोटं बोललेलं नसतं. साडेआठ तास हा आकडा खराच होता. तो दोन विमानतळांचा होता, घरच्यांनी दोन दारांचा समजला.

थांबायचं की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरचा निर्णय. तो मी सांगणारा कोण? पण तो निर्णय खऱ्या आकड्यावर व्हावा. ‘उद्या रात्रीपर्यंत’ असं आधीच कळलं तर माणसं शांतपणे ठरवतात. ‘सकाळी’ म्हणून रात्र झाली तर ते मनात वर्षानुवर्षं राहतं.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, बाहेरगावी असलेल्या प्रत्येकानं आपला दारापासून दारापर्यंतचा वेळ एकदा कागदावर मांडावा, सगळ्यात कमी किती आणि सगळ्यात जास्त किती, आणि तो कागद घरी द्यावा. त्यात सुटी मिळणं, तिकीट मिळणं हेही धरा. घरात कुणी परदेशी नागरिक झालं असेल, नातवंडांचे पासपोर्ट तिकडचे असतील, तर त्यांना इकडं यायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागतं. ते आधीच करून ठेवा. अडचणीच्या रात्री कोणतंच कार्यालय उघडं नसतं.

दोन, मागणी करताना योग्य ती करूया. परभणीला विमानतळ व्हावा असं वाटणं साहजिक आहे. पण मघाचा अर्धा तासाचा हिशेब आठवला तर कळेल की आपला वेळ जमिनीवर जातोय. परभणी–मुदखेड दुहेरी मार्ग झाला. छत्रपती संभाजीनगर–परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी थांबणं किती असतं, हे सेलू-मानवतच्या माणसाला सांगायला नको. ते काम वेळेत व्हावं, जालना–नांदेड जोडमार्ग पुरा व्हावा, नांदेडची विमानसेवा टिकून राहावी, यासाठी आपण पत्रं लिहू, विचारत राहू. त्यानं परदेशातल्या मुलाचे दोन तास वाचतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधीच विमानात न बसणाऱ्या जिंतूर-पालमच्या रुग्णाचेही वाचतील.

तिसरी गोष्ट इथं गावात राहिलेल्यांसाठी. बाहेरचे मित्र आपल्याला म्हणतात, ‘‘तू बाबा मजेत, गावातच आहेस.’’ मजेचं माहीत नाही, पण आपण जवळ आहोत हे खरं. कुणाची आई न्हाणीघरात पडली तर मुलगा चोवीस तासांनी येईल, आपण दहा मिनिटांत पोचू. १०८ ला फोन करणं, दवाखान्यात सोबत बसणं, घराची किल्ली सांभाळणं, एवढं तर करता येईल. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. बाहेरगावच्यांनी त्यात आई-वडिलांचा पत्ता, फोन, चालू औषधं आणि आपला दारापासून दारापर्यंतचा वेळ लिहावा. गावात असणाऱ्यांनी आपला मोहल्ला आणि फोन लिहावा. कोणतं घर कुणाला जवळ पडतं ते मी बसून लावतो. एवढा भूगोल मला येतो.

वही जेवणाच्या रांगेच्या सुरुवातीलाच ठेवली आहे. लिहिल्याशिवाय ताट मिळणार नाही, असं संयोजकांशी बोलून ठेवलं आहे.